‘शाळेतल्या पोलिसाशी माझ्या मुलाची गट्टी जमली आहे, काळजी करू का?’

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या एका आईने विचारलं आहे: “पुण्याहून येऊन आम्हाला आठ महिने झाले. मुलगा १२ वर्षांचा, पब्लिक स्कूलमध्ये सातवीत. शाळेत रोज गणवेशातला पोलीस असतो, कमरेला पिस्तूल. मुलाची त्यांच्याशी चांगलीच गट्टी जमली आहे, घरी आल्यावर अर्ध्या गप्पा त्यांच्याच. मला मात्र धाकधूक वाटते. हे गृहस्थ वॉचमन आहेत, शिक्षक आहेत की पोलीस? मुलाला काय सांगू? आणि दिवाळीचा फराळ त्यांना पाठवला तर चालेल का?”

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ते पोलीस आहेत. मुलांना हाय-फाइव्ह देतात, वर्गात येऊन इंटरनेटवरच्या धोक्यांबद्दल बोलतात, कॅफेटेरियात मुलांच्या टेबलाशी बसतात, आणि या सगळ्या वेळात ते पोलीसच असतात. अटक करण्याचा त्यांचा अधिकार जेवणाच्या सुट्टीतही तसाच असतो.

मी या राज्यातल्या पब्लिक शाळांत २३ वर्षं कौन्सेलर, म्हणजे समुपदेशक, आहे, बहुतेक काळ मिडल स्कूलमध्ये. आजवर पाच पोलीस अधिकाऱ्यांबरोबर काम केलं. त्यांची खोली बहुधा माझ्या खोलीला लागूनच असायची. त्यांतल्या दोघांना मी माझी स्वतःची मुलं निर्धास्तपणे सोपवली असती. तरीही तुमची धाकधूक मला रास्त वाटते, आणि तिचं कारण नीट समजून घ्यायला हवं.

आधी ओळख करून घ्या. आपल्या राज्यात शाळेत दिसणारे पोलीस साधारण दोन प्रकारचे. एक एसआरओ, म्हणजे स्कूल रिसोर्स ऑफिसर. हा गावच्या पोलीस खात्यातला नोकरीवरचा अधिकारी, शाळेवर नेमलेला. दुसरा ‘क्लास थ्री’. हा निवृत्त पोलीस, २०१६ च्या कायद्याने खास शाळांसाठी पुन्हा नेमता येतो. डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला, तो स्वस्त पडतो, म्हणून पुष्कळ गावांत आता हेच दिसतात. पिस्तूल आणि अधिकार दोघांकडेही असतात. यांशिवाय काही शाळांत साधा सिक्युरिटी गार्ड असतो, तो डिस्ट्रिक्टचा नोकर, पोलीस नव्हे. लांबून गणवेश सारखाच वाटतो, तेव्हा बाहीवरचा बिल्ला वाचा किंवा फ्रंट ऑफिसात सरळ विचारा. पगारात शाळेचा वाटा असला तरी पोलिसाचा साहेब गावचा पोलीस चीफ असतो. प्रिन्सिपल त्याला ‘आज कॅफेटेरियाच्या दाराशी उभे राहा’ असं सांगू शकतात, ‘या मुलाला अटक करू नका’ असा हुकूम देऊ शकत नाहीत. ही गोष्ट बऱ्याच पालकांना वेळ आल्यावरच कळते.

एसआरओंची ‘नॅस्रो’ नावाची राष्ट्रीय संघटना आहे, १९९१ पासूनची. ती या अधिकाऱ्याच्या तीन भूमिका सांगते: कायदा राबवणारा, शिकवणारा आणि अनौपचारिक समुपदेशक. तिचा प्राथमिक अभ्यासक्रम ४० तासांचा आहे. मला या खुर्चीत बसण्याआधी दोन वर्षांची मास्टर्स पदवी आणि प्रत्यक्ष कामाचे कित्येक महिने लागले होते. ४० तासांत माणूस कौन्सेलर होत नाही, आणि यात त्या अधिकाऱ्याचा काही दोष नाही. मुलं मात्र ‘ऐकून घेणारा मोठा माणूस’ म्हणून त्याच्याकडे जातात, आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते.

तुम्ही पुण्याच्या, म्हणून एक फरक सांगते. आपल्याकडचे ‘पोलीस काका’ आणि ‘पोलीस दीदी’ शाळेत येतात, बोलतात, नंबर देऊन जातात. भारतातल्या बाल न्याय नियमांत असं आहे की मुलांशी बोलताना पोलिसाने शक्यतो साध्या कपड्यांत असावं, आणि पॉक्सो कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घेताना गणवेश चालत नाही. प्रत्यक्षात हे कितपत पाळलं जातं हा निराळा विषय, पण कायद्यामागची समजूत अशी की गणवेशाने मूल बिचकतं. इथली समजूत बरोबर उलटी आहे. गणवेश रोज दिसला की मुलाची भीती मोडते, असं इथे मानतात. भीती खरंच मोडते. तुमच्या मुलाची मोडली आहेच. बिचकलेलं मूल गप्प बसतं आणि भीती मोडलेलं मूल बोलतं, आणि ते कोणाशी बोलतंय याचं भान बाराव्या वर्षी नसतं.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा होता, भारतीय घरातलाच. आईने डब्यात अख्खं सफरचंद दिलं होतं आणि कापायला छोटी सुरी, लाकडी मुठीची, घरी मिरच्या चिरायची. मुलाने कॅफेटेरियात कागदी नॅपकिन पसरला आणि शांतपणे फोडी करायला घेतल्या. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ‘नाइफ!’ म्हणून ओरडलं. आमचे अधिकारी तेव्हा दाराशी होते. ते धावले नाहीत. चालत गेले, मुलाच्या समोर बसले, म्हणाले, “छान कापतोस. आता ती टेबलावर ठेव आणि फोडी खाऊन घे.” सुरी त्यांनी त्याच नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि दोघं माझ्या खोलीत आले. काहीही लिहिण्याआधी त्यांनी आईला फोन लावला. ती वीस मिनिटांत पोचली, अंगावर घरचेच कपडे, हात थरथरत होते. त्यांनी सुरी पाकिटात घालून तिच्या हातात दिली आणि उद्यापासून फोडी घरूनच करून द्या म्हणाले. नियमाप्रमाणे नोंद झाली, ती चार ओळींची, आणि प्रकरण तिथेच मिटलं.

दुसरी गोष्ट दोन वर्षांनंतरची, दुसऱ्या इमारतीतली. सातवीतली मुलगी. आर्टच्या वर्गासाठी पुठ्ठ्याचं घर करत होती, बॉक्स कटर दप्तराच्या तळाशी राहून गेला होता. तपासणीत सापडला. तिथले अधिकारी नवे होते. स्वभावाने वाईट नव्हते, मुलांना आवडायचे. त्यांनी तिला ऑफिसात बसवून चाळीस मिनिटं विचारपूस केली. घरी फोन नाही, मला निरोप नाही. “तुला कधी कोणाला इजा करावीशी वाटली आहे का?” असं त्यांनी विचारलं. मोठ्या माणसाला हवं ते उत्तर देणारी मुलगी होती ती. म्हणाली, “कधी कधी राग येतो.” ते वाक्य रिपोर्टमध्ये गेलं. फॅमिली कोर्टात तक्रार दाखल झाली, ती निकाली निघायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मुलगी माझ्याशीही बोलायची बंद झाली, कारण तिच्या लेखी माझी खोली आणि ती खोली एकच.

दोघा अधिकाऱ्यांनी शाळा आणि पोलीस यांच्यातला एकाच नमुन्याचा करार पाळला होता. दोघांनीही नियम मोडला नव्हता. मुलाचं काय होणार हे त्या दिवशी त्या जागी कोण उभा आहे यावर ठरलं, आणि मला या व्यवस्थेत सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. म्हणून ‘आमचे पोलीस फार चांगले आहेत’ एवढ्यावर विसंबू नका. ते बदलून जातील. कागदावर काय लिहिलंय ते राहील.

हे पोलीस शाळेत आले कुठून, हेही थोडं सांगते. सुरुवात १९५० च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात झाली. कल्पना जवळिकीची होती, पोलिसाने मुलांमध्ये मिसळावं. १९७५ च्या सुमारास देशातल्या जेमतेम १ टक्का शाळांत पोलीस होते, आज साधारण निम्म्या पब्लिक शाळांत आहेत. ही वाढ मुख्यतः १९९० च्या दशकातली आणि त्यानंतरची. बालगुन्हेगारीची धास्ती, ‘झीरो टॉलरन्स’ची, म्हणजे छोट्या चुकीलाही कडक शिक्षेची धोरणं, आणि मग २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमधला गोळीबार. त्यानंतर केंद्र सरकारने शाळेतल्या पोलिसांसाठी अनुदान सुरू केलं. कोलंबाइनमध्ये त्या दिवशी सशस्त्र अधिकारी शाळेवर होता आणि त्याने हल्लेखोरांवर गोळ्याही झाडल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. फ्लोरिडात पार्कलँडला २०१८ मध्ये १७ जण मारले गेले, तिथला शाळेचा पोलीस इमारतीबाहेर थांबून राहिला. टेक्ससमध्ये युवाल्डीला २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या शाळांचं स्वतःचं पोलीस दल होतं, एकूण ३७६ अधिकारी जमले होते, आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. मी त्या आठवड्यात पाचवीच्या मुलांना वर्गात लपायचा सराव कसा करायचा ते सांगत होते. एका मुलीने विचारलं, “पोलीस येईपर्यंत किती वेळ?” मी तिला खरं उत्तर देऊ शकले नाही.

पालक मला विचारतात की पोलीस असल्याने शाळेतला गोळीबार टळतो का. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटना तपासल्या होत्या. जिथे सशस्त्र रक्षक होता तिथे मृत्यूंचं प्रमाण कमी आढळलं नाही, उलट जवळजवळ २.८ पट जास्त आढळलं. यावरून रक्षकामुळे मृत्यू वाढतात असं म्हणता येत नाही. पण हल्लेखोर बहुधा मरायच्याच तयारीने आलेला असतो, त्याला समोरच्या पिस्तुलाचा वचक वाटत नाही, एवढं मात्र कळतं. अल्बनी विद्यापीठाच्या ल्युसी सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शाळांची आकडेवारी पाहिली. त्यांना असं दिसलं की पोलीस असल्याने मारामाऱ्या काही प्रमाणात कमी होतात, बंदुकीच्या घटना कमी होत नाहीत, आणि सस्पेन्शन, शाळेतून काढणं, पोलिसांकडे प्रकरण जाणं हे सगळं वाढतं. त्यातही कृष्णवर्णीय मुलांचं आणि अपंगत्व असलेल्या मुलांचं जास्त. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

मग उपयोग कुठे होतो? दोन ठिकाणी मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. एक, दाराशी. घटस्फोटाच्या भांडणात कोर्टाने मनाई केलेला बाप मुलीला न्यायला येतो, आरडाओरडा करतो, तेव्हा फ्रंट ऑफिसातल्या बाईंना कोणीतरी उभं राहणारं हवं असतं. दुसरं, आमच्या थ्रेट असेसमेंट टीममध्ये, म्हणजे कोणा मुलाकडून हिंसेचा धोका आहे का हे तपासणाऱ्या गटात. न्यू जर्सीत २०२३-२४ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये अशी टीम असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात कौन्सेलर, शिक्षक, प्रशासक आणि शाळेचा पोलीस एकत्र बसतात. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय यंत्रणेच्या संशोधकांनी २००६ ते २०१८ मधले हल्ल्याचे ६७ टळलेले कट तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेक कट कोणीतरी, फार वेळा वर्गातल्याच मुलाने, मोठ्या माणसाला सांगितल्यामुळे टळले. मूल ज्याच्याशी मोकळं असतं त्यालाच सांगतं. म्हणून तुमच्या मुलाची गट्टी मला मोडावीशी वाटत नाही. ‘अमुक मुलाने बंदुकीचा फोटो टाकलाय’ हे सांगायला त्याला एखादं माणूस असायलाच हवं.

सगळी अडचण शिस्त आणि गुन्हा यांमधल्या रेषेची आहे. मुलगा वर्गात फोन बाजूला ठेवत नाही, ही शिस्तीची बाब. २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये एका मुलीने फोनवरून झालेल्या वादात वर्गाबाहेर जायला नकार दिला. शिक्षकाने प्रशासकाला बोलावलं, प्रशासकाने पोलिसाला. पोलिसाने तिला बाकासकट उलटं पाडून फरफटत नेलं. त्या मुलीला अटक झाली आणि ‘हे काय चाललंय’ म्हणून ओरडणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीलाही. कलम होतं ‘शाळेत व्यत्यय आणणे’. २०१८ मध्ये ते कलम विद्यार्थ्यांपुरतं काढून टाकलं. तो व्हिडिओ पाहताना सगळे पोलिसाकडे बघतात. मी त्या आधीच्या दोन मोठ्या माणसांचा विचार करते, ज्यांनी एका हट्टी मुलीला हाताळायचं काम पिस्तूलवाल्यावर ढकललं. पोलीस हाताशी असला की शिक्षकाचा धीर लवकर संपतो. माझ्या स्वतःच्या शाळांत मी हे पाहिलंय, आणि काही वेळा तोंड उघडायला मीही उशीर केला आहे.

२०१७-१८ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे पब्लिक शाळांत कृष्णवर्णीय मुलं साधारण १५ टक्के होती आणि शाळेशी संबंधित अटकेत त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या वर होता. ‘आपली मुलं त्यात नसतात’ असं आपल्या लोकांच्या कट्ट्यावर बोललं जातं. आपल्या मुलांची नावं माझ्या खोलीत येतात, ती वेप (ई-सिगारेट), स्नॅपचॅटवरच्या धमकीवजा विनोदाची आणि नको ते फोटो पुढे पाठवण्याची प्रकरणं घेऊन. आणि ऑटिझम किंवा एडीएचडी असलेलं मूल कोणाच्याही घरात असू शकतं. ते नजर चुकवतं, उत्तर उशिरा देतं, धरलं की हात झटकतं. गणवेशातल्या माणसाला हे सगळं उद्धटपणा किंवा लपवाछपवी वाटू शकतं. अशा मुलाच्या आईला माझं आग्रहाचं सांगणं असं की आयईपीच्या, म्हणजे अशा मुलासाठी शाळा करते त्या लेखी शिक्षण-आराखड्याच्या, बैठकीत ‘पोलिसाने याच्याशी कसं वागावं’ हे एका परिच्छेदात लिहून घ्या आणि त्याची प्रत अधिकाऱ्यांपर्यंत पोचली का ते विचारा.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण या खोलीत बसून जेवढं पाहिलं तेवढं सांगते.

आपल्याच राज्यातल्या पिस्कॅटवेच्या शाळेत १९८० मध्ये १४ वर्षांची एक मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. व्हाइस प्रिन्सिपलने तिची पर्स उघडली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८५ मध्ये निकाल लागला की शाळेच्या अधिकाऱ्याला झडतीसाठी ‘वाजवी संशय’ पुरतो, पोलिसाला लागतो तेवढा भक्कम आधार लागत नाही. त्या झडतीत पोलीस नव्हता. आज व्हाइस प्रिन्सिपल दप्तर उघडतात, पोलीस शेजारी उभा असतो, आणि सापडलेली वस्तू त्याच्या हातात जाते.

प्रश्नोत्तरांचंही तसंच. नॉर्थ कॅरोलायनात १३ वर्षांच्या एका मुलाला गणवेशातल्या पोलिसाने वर्गातून उठवून कॉन्फरन्स रूममध्ये नेलं. घरफोडीबद्दल अर्धा तास तरी विचारलं. ‘गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे सांगितलं नाही, त्याला सांभाळणाऱ्या आजीला फोन करू दिला नाही, आणि खोलीतला असिस्टंट प्रिन्सिपल त्याला खरं बोलायचा आग्रह करत होता. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की मूल कोठडीत आहे असं समजायचं की नाही हे ठरवताना त्याचं वय धरलंच पाहिजे. कोठडीत असेल तर प्रश्नांआधी हक्क सांगावेच लागतात. न्यू जर्सीचं कोर्ट याहून पुढे आहे. २००० सालच्या निकालाप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाचा कोठडीतला जबाब पालक हजर नसताना घेतला तर तो सहसा ग्राह्य धरत नाहीत, पालक सापडतच नाहीत किंवा येतच नाहीत असं असल्याखेरीज. तुमचा मुलगा १२ वर्षांचा आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा. फट आहे ती ‘कोठडी’ या शब्दात. ‘आम्ही सहज गप्पा मारत होतो’ असं म्हटलं की वाद सुरू. आणि व्हाइस प्रिन्सिपल एकटे विचारतात तेव्हा त्यांना सहसा हे हक्क वाचून दाखवावे लागत नाहीत.

जर्सी सिटीतलं एक प्रकरण तर प्रत्येक आईने ऐकावं. १५ वर्षांच्या मुलाच्या आईला पोलीस स्टेशनात बोलावलं आणि मुलाशी बोलू दिलं, पण अधिकारी जवळच उभे. आईने जे कोणतीही आई विचारेल तेच विचारलं, मुलाने तिला सांगितलं, अधिकाऱ्यांनी ऐकलं आणि तेच पुरावा म्हणून वापरलं. २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो जबाब बाद केला आणि सांगितलं की आधी दोघांना हक्क वाचून दाखवा, मग आई-मुलाला खासगीत बोलू द्या. आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? सगळ्यांसमोर “खरं सांग, केलंस का तू हे?” असं दरडावणं, आणि पाठोपाठ साहेबांची माफी मागणं. त्यामागचे संस्कार मला कळतात, मी त्यातच वाढले. पण त्या खोलीत तसं करू नका. मुलाचा हात धरा, दार बंद करून घ्या, मग विचारा. पोलिसाने चौकशीत खोटं सांगणं या देशात बहुतेक ठिकाणी बेकायदा नाही, हेही माहीत असू द्या. ‘तुझ्या मित्राने सगळं कबूल केलंय’ हे वाक्य खरं असेलच असं नाही. इलिनॉयने अल्पवयीन मुलांच्या चौकशीत ही फसवणूक २०२१ मध्ये कायद्याने बंद केली, देशात सगळ्यांत आधी.

मुलाला काय सांगायचं? पोलिसांना घाबरून राहा असं सांगू नका, आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाक असंही नको. मी मुलांना एवढं शिकवते: कोणी धोक्यात असेल, कोणाकडे शस्त्र असेल, कोणी कोणाला त्रास देत असेल, तर लगेच जाऊन सांग, आईची वाट पाहू नकोस. पण प्रश्न तुझ्याबद्दल असेल, तू काय केलंस, तुझ्या दप्तरात काय आहे, तुझ्या फोनमध्ये काय आहे, तर नम्रपणे म्हण, “मला आधी आईला फोन करायचा आहे.” आणि तेच परत म्हण. पळायचं नाही, हात झटकायचा नाही, खोटं बोलायचं नाही. दप्तर उघडलंच तर अडवायचं नाही. फोनचा पासवर्ड मात्र आपणहून द्यायचा नाही. २०१४ च्या निकालाप्रमाणे पोलिसाला फोन तपासायला सहसा वॉरंट लागतं, पण मुलाने स्वतःच उघडून दिला की तो प्रश्नच मिटतो. हे वाक्य घरी दोन-चार वेळा म्हणवून घ्या, इंग्रजीत, मोठ्याने. सातवीतल्या मुलाला ते उद्धटपणाचं वाटतं, त्याची जीभ रेटत नाही. जेवायच्या टेबलावर तुम्ही पोलीस व्हा आणि त्याला म्हणायला लावा.

त्याला हेही सांगा की माझ्यासारख्या कौन्सेलरला सांगितलेलं आणि पोलिसाला सांगितलेलं यांत फरक आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, घरी मारहाण होत असेल, तर मलाही कळवावं लागतं. बाकी पुष्कळसं माझ्या खोलीत राहतं. पोलिसाच्या खोलीत काही राहीलच अशी हमी नसते, ते कितीही मायाळू असले तरी.

तुमच्यासाठी एक काम आहे. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्ट आणि स्थानिक पोलीस दर वर्षी एक करारपत्र करतात, नमुना राज्याच्या ॲटर्नी जनरलचा आणि शिक्षण खात्याचा. शस्त्र, अंमली पदार्थ, लैंगिक गुन्हे, हिंसेची धमकी, द्वेषातून केलेले गुन्हे, अशा बाबी शाळेने पोलिसांना कळवाव्याच लागतात. बाकीच्या बाबतीत शाळेला मोकळीक आहे, आणि ती कशी वापरायची हे तुमच्या गावाने ठरवायचं असतं. करारपत्राची प्रत मागा. स्कूल बोर्डाच्या बैठकीत शेवटी लोकांना बोलायला वेळ देतात, तेव्हा उठून विचारा की चौकशीआधी पालकांना फोन होतो का आणि तो कोण करतं, खोलीत आणखी कोण असतं, फोन-कपडे-उशिरा येणं अशा शिस्तीच्या बाबींत अधिकाऱ्यांना लांब ठेवलंय का, मुलांच्या फायली त्यांना बघता येतात का, आणि गेल्या वर्षी किती प्रकरणं पोलिसांकडे गेली. पहिल्या वर्षी गुळमुळीत उत्तर मिळेल. मला आठवतंय, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन आया सलग तीन बैठकांना येत राहिल्या, तेव्हा कुठे ‘आधी पालकांना फोन’ हे वाक्य लेखी आलं.

त्याच बैठकीत कौन्सेलर किती आहेत हेही विचारा. आमच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस दर २५० मुलांमागे एकाची आहे. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेने २०१९ मध्ये सरकारी आकड्यांवरून दाखवलं होतं की देशात १७ लाख मुलं अशा शाळांत शिकतात जिथे पोलीस आहे आणि कौन्सेलर नाही. बजेट एकच असतं. मला पोलीस आणि आणखी एक सोशल वर्कर यांतून निवड करायला सांगितली, तर मी एका क्षणात सोशल वर्कर मागेन, आणि पोलीस दाराशी, गाडीत, फोनवर राहू दे म्हणेन.

समजा काही घडलंच, तर ‘स्टेशन हाउस ॲडजस्टमेंट’ हा शब्द वापरा. किरकोळ गुन्ह्यात कोर्टात तक्रार न करता पोलीस पातळीवरच माफीपत्र, भरपाई किंवा थोडी समाजसेवा यांवर प्रकरण मिटवता येतं. २०२० मध्ये ॲटर्नी जनरलने पोलिसांना हा मार्ग जास्तीत जास्त वापरायला सांगितलं आहे. पण कोणी आपणहून सुचवेलच असं नाही. सही करण्याआधी मात्र वकिलाला विचारा, आणि तुम्ही व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही. अल्पवयीन न्यायालयातला निर्णय इमिग्रेशन कायद्यात ‘शिक्षा’ धरत नाहीत, तरी ग्रीन कार्डच्या वेळी माहिती विचारली जाऊ शकते. शाळेचे पोलीस इमिग्रेशनचे अधिकारी नाहीत, आणि राज्याच्या २०१८ च्या निर्देशाप्रमाणे स्थानिक पोलिसांनी उगाच कोणाची इमिग्रेशनची स्थिती विचारायची नसते. ती भीती मनात असेल तर काढून टाका.

फराळ जरूर पाठवा. एकट्या अधिकाऱ्याच्या नावाने देऊ नका, बऱ्याच खात्यांत भेट घ्यायला बंधनं असतात. डबा फ्रंट ऑफिसात ‘सगळ्यांसाठी’ म्हणून द्या, ते तिथे येतातच. शेंगदाणे, काजू, बदाम असलेलं काही नको, शाळेत ॲलर्जीची मुलं असतात. चकली आणि शंकरपाळी उत्तम. चकली तिखट असेल तर चिठ्ठीत तसं लिहा.